राजमच्या आधी येणारा डॉक्टर

थोरल्या बहिणीने, गंगाबाईने इन्सुलिन बंद केलं आहे, हे सूर्यनारायणला तिच्या पायावरून कळलं. अंगठ्याजवळची जखम काळी पडली होती आणि ती साडीचा काठ ओढून पाय झाकत होती.

“अक्का, इंजेक्शन घेतेस ना?”

“कशाला? राजमच्या घरातच नको म्हणून सांगतात.”

राजम म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन वर्ष व्हायचं होतं.

“अय्यो, असा काय बघतोस? डोकं ठिकाणावर आहे माझं. तिच्या व्हिडिओत सांगतात.”

राजमने शेवटच्या दोन वर्षांत स्वयंपाक करता करता फोनवर बरंच काही बोलून ठेवलं होतं. मुलीसाठी, हरितासाठी. हरिताने ते सगळं नेटवर टाकलं. बघणारे सगळे नात्यातले किंवा नात्याच्या नात्यातले. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतले, चेन्नई-कोइम्बतूरला गेलेले. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहून अर्धं तमिळ मिसळलेली ती आपली मराठी आता घराबाहेर कुठे ऐकू येत नव्हती. अक्काच्या घरात तर बोलायला दुसरं माणूसच उरलं नव्हतं. दुपारी जेवण झालं की ती फोन लावायची. राजम म्हणायची, “या, बसा.”

सूर्यनारायणने तिथेच स्वतःच्या फोनवर डांगर पच्चडीचा, ताकातल्या त्या तोंडीलावण्याचा, व्हिडिओ लावला. राजमच्या आधी एक पिकल्या केसांचं हसरं जोडपं आलं. साठीनंतर सोबत हवी आहे का, असं विचारत होतं. त्याने घाईने फोन उलटा ठेवला. साखरेचं औषध कुठेच नव्हतं.

मग अक्काच्या फोनवर तोच व्हिडिओ लावला. पांढरा कोट घातलेला एक माणूस तमिळमध्ये सांगू लागला, गोळ्या फेका, सुया फेका, ही पूड घ्या. तो गेला आणि लगेच राजम म्हणाली, “या, बसा.”

“बघितलंस? तिच्या घरात आलेला माणूस आहे तो. राजम कुणा लबाडाला घरात घेईल का?”

त्याने तिला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे साखर बघून नर्सने डॉक्टरांना हाक मारली. अंगठा वाचतो की नाही ते आठवड्याने कळणार होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत त्याने हरिताला फोन लावून सगळं सांगितलं. ती चेन्नईला अशाच जाहिरातींच्या कंपनीत होती.

“ती जाहिरात काढ.”

“आपल्या हातात नाही, अप्पा. आपण लावलेलीच नाही. जो बघतो त्याच्याप्रमाणे ते लावतात. आत्या साखरेबद्दल शोधत असेल, तिला ती दिसली.”

“आणि मला?”

“तुम्हाला काय दिसलं?”

“ते राहू दे. तक्रार कर.”

“अशाच एकीची मागे केली होती. नियमात बसते म्हणाले.” मग ती हळू म्हणाली, “फुकट जागा देतात ना, अप्पा. त्यांचं भाडं ते असं काढतात. माझा पगारही त्यातूनच येतो.”

“भाडं माझ्याकडून घे म्हणावं. अक्काच्या पायातून का काढतात?”

त्या रात्री त्याला झोप आली नाही. व्हिडिओ काढून टाकावेत, तर राजम सगळ्यांच्या घरांतून एकदम जाणार. ठेवावेत, तर तो कोटवाला रोज तिच्या दारातून आत येणार.

सकाळी त्याने आयुष्यात पहिल्यांदा फोनसमोर उभं राहून बोलून घेतलं. “मी राजमचा नवरा. तिच्या आधी जो माणूस येतो तो आमचा कुणी नाही. त्याचं ऐकू नका. इंजेक्शन सोडू नका.” हरिताने ते सगळ्यांत वर लावलं.

तो दवाखान्यात गेला आणि अक्काच्या हातात फोन दिला. “हे बघ.”

आधी कोटवाला आला. गोळ्या फेका, सुया फेका. मग सूर्यनारायण.

अक्का हसली. “आता तुझ्याकडेही येतो का तो?”

तो बाहेर आला. चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

“हरिता, नेटवरून सगळे व्हिडिओ उतरव,” त्याने फोनवर सांगितलं.

“अप्पा, आईच्या व्हिडिओंखाली लोकांनी किती काय लिहिलंय...”

“तुझ्याकडे ठेव. मला एका पेन ड्राइव्हवर भरून दे. पण तिथून उतरव.”

ती रडत होती.

अंगठा वाचला. अक्का घरी आल्यावर त्याने तिच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. खिशात फोन सारखा थरथरत होता. कोइम्बतूरचा हनुमंतराव, श्रीलक्ष्मी, आणखी कोण कोण. राजम दिसत नाही, काय झालं? त्यांना काय सांगायचं ते त्याला अजून ठरवता आलं नव्हतं.

टीव्हीवर राजम थेट आली. “या, बसा.”

अक्का दाराकडे पाहावं तशी पडद्याकडे पाहत राहिली. “डॉक्टर नाही आले आज?”

“नाही येणार.” त्याने सुई भरली. “हात दे.”

तिने हात पुढे केला, पण तोंड वाकडं करून. “राजमला विचारून मगच टोच.”

राजम उडदाचं पीठ ताकात कालवत होती. सूर्यनारायण तिचं वाक्य संपेपर्यंत थांबला आणि मग सुई टोचली.