खैराचा पखवाज

"गावच्या घरार कौलां नाय, आणि चेडवाक खैराचो पखवाज! वा रे गुणाजी!"

तात्या परब पायातल्या चपला काढायच्या आधीच बोलला. लालबागच्या चाळीत त्यांच्या गावकऱ्यांची एक खोली होती. गावाहून आलेला माणूस पिशवी टेकायचा तो तिथंच, आणि वरच्या वाडीच्या मंडळाचं भजनही तिथंच बसायचं. रविवारची सकाळ होती. खोलीच्या मधोमध नवा पखवाज ठेवला होता आणि म्हैस व्याल्यावर धनी रेडकापाशी बसतो तसा गुणाजी त्याच्यापाशी बसला होता.

"कौलां दरवर्सा फुटतत, तात्यानू," तो म्हणाला. "चेडू सोळा वर्साचा एकदाच होता."

गुणाजी कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर पहारेकरी होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घर शाकारायचं म्हणून जे काही बाजूला टाकलं होतं, ते त्यानं या खोडात घातलं. कारागिराकडे दर रविवारी जाऊन बसायचा. चामडं कसं ताणतात, त्यावर शाई कशी घोटतात, सगळं डोळ्यात तेल घालून बघायचा. स्वतःला ताल कळत नव्हता, पण लेकीचे, अक्षताचे, हात पाटावर वाजले तरी रस्त्याने जाणारा माणूस थबकतो, एवढं त्याला कळत होतं. मंडळाचा जुना पखवाज तिच्या हाताखाली रडायचा. म्हणून हा.

"पखवाज बाप्याचा काम," तात्या म्हणाला. "चेडवाक पेटी शिकव. कायतरी गाऊंदे."

"हात बाप्याचो की बायलेचो, ता चामड्याक कळता काय?"

बायकांच्या बाजूने कौसल्याकाकी फसकन हसली. तात्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पंचवीस वर्षं मंडळाचा पखवाज त्याच्याच मांडीवर होता. त्यानं बुवाकडे बघितलं. अवधूत बुवा पेटी पुसत होता आणि पुसतच राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "तात्या, वाईट वाटून घेऊ नको. माघी गणपतीच्या डबलबारीक अक्षता बसतली. लय वाढली की तुझो हात हल्ली दुगुणीत मागे पडता."



"बरा," तात्या उठला. "मगे मी समोर बसतंय. खालच्या वाडीच्या मंडळात. बघूया तुमचो खैर किती बोलता तो."

आणि गेला. कोकणातला माणूस भावकी सोडील, पण डबलबारीत वाडी सोडणार नाही. तात्यानं ती सोडली. महिनाभर चाळीत दुसरा विषय नव्हता. नळावर बायका गुणाजीला ऐकवायच्या, "एका चेडवापायी घर फोडलंस रे." तो बादली उचलून निघून जायचा. अक्षता मात्र रोज शाळेतून आली की बसायची. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, त्यांना गुणाजी खोबरेल लावायचा.

डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर, दोन स्टेजवर. एकानं भजनातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. निकाल कोणी लावत नाही, पण लोक उठताना कोणाचं नाव घेतात ते दोघांनाही ऐकू येतं.

बारीच्या दिवशी गुणाजीनं रजा टाकली. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते. ती असेल तरच त्याचा आवाज छातीतून येतो, नाहीतर नुसतं पत्र्यासारखं वाजतं. कणीक एरवी अक्षता स्वतः भिजवायची. त्या दिवशी गुणाजी म्हणाला, "तू हात सांभाळ गो. आज मी मळतंय." आणि बाप मळायला बसला. सहा वर्षं पोरीला पोळ्या करून घालणारा हात तो. चांगलं चाळलेलं पीठ, चिमूटभर मीठ, वर तेलाची धार. लोण्यासारखी मऊ झाल्याशिवाय हात थांबला नाही. डब्यात घालून फडक्यात बांधली. मनात म्हणाला, तात्याच्या बापजन्मात अशी कणीक पखवाजाला लागली नसेल.

मैदानात संध्याकाळी सहालाच सतरंज्या भरल्या. डाव्या बाजूला वरची वाडी, उजव्या बाजूला खालची. मधे माणूस जाईल एवढी वाट, पण ती वाट कोणी ओलांडत नव्हतं. खालच्या वाडीच्या बुवानं पहिला गजर केला. तात्या जिद्दीनं वाजवत होता. घाम गळत होता, पण ठेका सुटला नाही. त्याच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मग अवधूत बुवानं सूर धरला. अक्षतानं घाईघाईनं डबा उघडून कणीक थापली आणि पहिली थाप टाकली. आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला, भरलेल्या विहिरीत धोंडा पडावा तसा. खालच्या वाडीची माणसंसुद्धा मान वळवून बघायला लागली.

दुसऱ्या आवर्तनात अक्षताचा चेहरा बदलला. चौथ्यात कणकेचा गोळा चामड्यावरून घसरला आणि थपकन तिच्या मांडीवर पडला. तिनं तो उचलून परत दाबला. हात निसटला. गोळा पुन्हा खाली. पखवाज पोकळ टणटणायला लागला आणि अवधूत बुवाची ओळ तशीच हवेत राहिली.

खालच्या वाडीकडून कोणीतरी ओरडलं, "गो बाय, पोळये लाटूक बसलंस काय?"

हसण्याची लाट उठली. "तवो आणा रे, तवो!"

अक्षतानं बोटं नाकाशी नेली. तेलाचा वास. तिनं बापाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच गुणाजीला ती सोसवली नाही. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो मारुतीही तिच्या मांडीवर. तो उठला, आपल्या वाडीच्या स्टेजवर चढला आणि बुवाच्या पुढ्यातला माईक ओढला.

"हसा! पण माका हसा," त्याचा आवाज फाटला होता. "कणीक चेडवान नाय मळूक. मी मळलंय, तेल घालून. माका पोळयो येतत, पखवाज येणा नाय."

हसू अर्ध्यावर विरलं. गुणाजी माईक ठेवून खाली उतरला आणि सरळ समोर गेला. ती मधली वाट ओलांडून तात्यापुढे उभा राहिला. तात्याच्या बाजूला ओल्या फडक्यात उरलेली कणीक होती. सगळ्यांना दिसत होती.

"तात्यानू, ती कणीक जरा देवा."

तात्यानं वर बघितलंच नाही. "कित्याक?"

"माझ्यासाठी नको. माझी चूक आसा. तिचो हात वाया जाता हा."

तात्यानं फडक्यावर हात ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देतंय. पण रामनवमीच्या बारीक त्या जाग्यार मी बसतलंय. माझो जागो माका परत. कबूल?"

ज्या जागेसाठी घराच्या छपराचे पैसे घातले, चाळीत तोंड लपवलं, ती जागा त्यानं स्वतःच्या तोंडानं द्यायची होती. मागून अक्षताचा आवाज आला.

"बाबा, कबूल म्हण. मला आत्ता वाजवायचंय."

"कबूल," गुणाजी म्हणाला.

तात्यानं फडकं पुढे केलं आणि तिच्यावर खेकसला, "आदी सुक्या पिठान पूस त्येका! तेल गेल्याशिवाय धरूचा नाय. शिकवूक नाय कोणी?" आपल्या पिशवीतली पिठाची पुडीही त्यानंच फेकली.

अक्षतानं चामडं घासलं, पुसलं, पुन्हा घासलं. कणीक बसली. मग तिनं बुवाची वाट न बघता एकटीनंच ठेका उचलला. खैर असा बोलला की बुवाला ओळ शोधावी लागली. लय दुगुण झाली, चौगुण झाली. तवा मागणारा माणूस टाळी धरून बसला होता. तात्या मात्र डोळे मिटून होता, आणि त्याची उजवी बोटं गुडघ्यावर तिच्या मागून धावत होती, थोडी मागे पडत.

लोक उठले ते पोरीचं नाव घेत. पण शब्द म्हणजे शब्द. रामनवमीला तात्या आपल्या जुन्या जागी बसणार, हे ठरलं ते ठरलं. गुणाजी आठ दिवस पानावर बसून तसाच उठत होता.

नवव्या दिवशी खालच्या वाडीचा बुवा चाळीचे तीन जिने चढून आला. दारातच उभा राहिला. "गुणाजी, तुमचो तात्या तुमका परत मिळालो. आमचो जागो रिकामो झालो. चेडवाक देशीत काय?"

गुणाजीनं अक्षताकडे बघितलं. तिनं मान हलवायला क्षणही घेतला नाही.

रामनवमीला मैदान पुन्हा भरलं. डाव्या बाजूला तात्या, उजव्या बाजूला खैराचा पखवाज घेऊन अक्षता. गुणाजी आला आणि मधल्या वाटेवर उभा राहिला. डावीकडून सगळी वाडी हाका मारत होती. ज्यांच्यात जन्मला, ज्यांनी बायकोला खांदा दिला, ती माणसं. "गुणाजी, हयसर ये रे! थय खय चललंस?"

"चेडू थय आसा," तो म्हणाला, आणि उजव्या बाजूच्या सतरंजीवर, सगळ्यांत पुढे, मांडी घालून बसला.