गाळणीने अडवलेली फाइल

नोंदणी कार्यालयातल्या तपासनीस बाईंना प्रयोगशाळांतले लोक आपापसात 'गाळणी' म्हणत. त्यांच्या हातून चुकीचा कागद कधी पुढे गेला नव्हता. हे टोपणनाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते फारसं लागलंही नव्हतं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. इथे येण्याआधी वीस वर्षं त्यांनी स्वतः प्रयोगशाळेत काम केलं होतं, त्यामुळे कुठल्या कागदामागे काय लपू शकतं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

कार्यालय म्हणजे एका सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या. तिथे एकही पेशी नव्हती, होते ते नुसते कागद. पेशी लांब प्रयोगशाळांमध्ये, गोठवलेल्या नळ्यांत. माणसाच्या थोड्याशा रक्तातल्या पेशी घ्यायच्या, त्यांना उलट्या पावली अगदी सुरुवातीच्या अवस्थेत न्यायचं, आणि मग त्यांच्यापासून हवी ती पेशी घडवायची: हृदयाची, मेंदूची, यकृताची. अशा मूलपेशी नीट सांभाळल्या तर वाढतच राहतात. एका माणसापासून झालेल्या त्या सगळ्या गोतावळ्याला सेल लाइन म्हणतात. ती इतर संशोधकांना द्यायची तर आधी नोंदणी हवी आणि प्रमाणपत्र हवं. पेशी शुद्ध आहेत का, त्यांच्यात जंतू शिरलेत का, आणि मुख्य म्हणजे ज्या माणसाने संमतीची सही केली त्याच माणसाच्या त्या आहेत का, एवढं बाई बघत.

त्या सकाळी त्यांच्यापुढे आलेली फाइल चांगली जाडजूड होती. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आनुवंशिक आजार, रुग्ण स्त्री, वय एकेचाळीस. पाठवणारे हृदयरोगाचे डॉक्टर होते. रुग्णही तपासत आणि इस्पितळामागच्या प्रयोगशाळेत संशोधनही करत. पेशींमध्ये त्या घराण्यातला जनुकदोष सापडला होता. सगळं जिथल्या तिथे होतं. बाईंनी शेवटचा तक्ता काढला. त्यात पेशींच्या डीएनएची ओळखखूण त्याच रुग्ण स्त्रीच्या इस्पितळातल्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहायची होती.

खुणा जुळत नव्हत्या.

त्यांनी चष्मा पुसला आणि पट्टी धरून एकेक ओळ पुन्हा पाहिली. सोळा खुणांपैकी काही पूर्ण जुळत होत्या, बऱ्याच अर्ध्या जुळत होत्या, दोन अजिबात नाहीत. परक्या माणसाचा नमुना मिसळला असता तर इतकं साम्य दिसलं नसतं. बाईंनी फाइल मिटली आणि प्रयोगशाळेला फोन लावला.

"मॅडम, शक्यच नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन वर्षं खपलोय आम्ही यावर. तुमच्याकडेच काहीतरी कागद इकडचा तिकडे झाला असेल."

"तेच झालेलं असलं तर मला बरंच वाटेल," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही परत तपासा. नळीपासून."

डॉक्टरांनी चिडूनच तपासलं. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला तेव्हा आवाजातली चीड गेली होती.

"जुना नमुना तिचाच आहे. पेशी तिच्या नाहीत. पण दोष तोच आहे, अक्षराचाही फरक नाही."

"बहीण आहे का हो तिला?" बाईंनी विचारलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग डॉक्टर म्हणाले, "आहे. धाकटी. तिने तपासणी करून घ्यायला नकार दिला होता. मला काही होत नाही म्हणाली. मॅडम, ती मुलांना पोहायला शिकवते."

कार्यालयाच्या समितीपुढे विषय गेला तेव्हा अध्यक्षांनी तो पाच मिनिटांत निकाली काढायला घेतला. सही एकीची, पेशी दुसरीच्या. नोंदणी नामंजूर, फाइल बंद, नळ्या नष्ट.

"आणि ती?" बाईंनी विचारलं.

"ती कोण?"

"जिच्या पेशी आहेत ती. तिला माहीतच नाही. असा आजार असलेलं माणूस कधीकधी पळता पळता कोसळतं. ही तर पाण्यात असते."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते, पण नियमाला धरून चालणारे होते. "तिने कसलीच संमती दिलेली नाही. तुझ्याबद्दल काही कळलं तर सांगू का, हा प्रश्न तिला कोणी विचारलेलाच नाही. ज्याला कळून घ्यायचं नाही त्याला न कळण्याचा हक्क असतो, हे तुम्हीच दरवर्षी नव्या लोकांना शिकवता."

ते खरंच होतं. त्या शिकवत. तास-दीड तास वाद झाला आणि शेवटी असं ठरलं की डॉक्टरांनी बहिणींच्या घरी जायचं, सोबत बाईंनी. रक्त खरोखर कोणी दिलं याचा लेखी जबाब घ्यायचा. मग धाकटीला फक्त विचारायचं, तुला कळून घ्यायचं आहे का. ती हो म्हणाली तरच डॉक्टरांनी सांगायचं. एरवी अवाक्षर काढायचं नाही.

बहिणी एकत्र राहत. थोरली घरीच ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं बांधून द्यायची. जिने चढणं तिला झेपत नसे. पुढच्या खोलीत मोठं टेबल होतं, त्यावर खळीचं भांडं, कापडाच्या पट्ट्या, दाबाखाली ठेवलेली पाच-सहा पुस्तकं. धाकटीने दार उघडलं. छत्तीस-सदतीस वर्षांची, रुंद खांद्यांची, केस अजून ओले. दाराजवळच तिची पोहण्याची पिशवी भरून ठेवलेली होती.

"डॉक्टर घरी आले म्हणजे ताईचं काही विशेष नाही ना?" तिने हसत विचारलं, पण नजर बहिणीकडे गेली.

"नाही, तिचं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. चहा झाला. मग त्यांनी एकदाचं विचारलं, "दोन वर्षांपूर्वी संशोधनासाठी रक्त घेतलं, ते कोणी दिलं?"

थोरलीने खळीचा ब्रश खाली ठेवला. तिचे कान लाल झाले.

"मी दिलं," धाकटी म्हणाली. "म्हणजे ताईच जाणार होती. सहीसुद्धा तिनेच केली होती. पण त्या महिन्यात तिला इतक्या सुया टोचल्या होत्या की दोन्ही हात काळेनिळे पडले होते. खुर्चीकडे बघूनच रडायला लागली. म्हटलं, ऊठ, मी बसते. रक्तच द्यायचं ना, तुझं काय आणि माझं काय. नावाची हाक आली तेव्हा मी हो म्हटलं."

"मी तुम्हाला सांगणार होते," थोरली डॉक्टरांना म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत, तुम्हाला नाही म्हणवेना. आणि मग दिवस गेले, तसं सांगायचं राहूनच गेलं."

"म्हणजे तुमची दोन वर्षं पाण्यात," धाकटी म्हणाली. आता ती खरोखर ओशाळली होती. "माझं धडधाकट रक्त काय कामाचं तुम्हाला. शिक्षा बिक्षा काही असेल तर ती मला करा, हिला नको."

तपासनीस बाईंना डॉक्टरांची अडचण दिसत होती. काम वाया गेलं म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर सगळंच सांगून झालं. बाईंनी पिशवीतून जबाबाचा कागद काढला, डॉक्टरांना तेवढीच उसंत.

"शिक्षा कसली," अखेर डॉक्टर म्हणाले. "एक विचारायचंय. नियम आहे म्हणून विचारतोय. रक्तातून तुझ्या तब्येतीबद्दल काही कळलेलं असेल, तर ते तुला कळायला हवंय का? नको म्हणालीस तरी चालेल. कोणी काही म्हणणार नाही."

धाकटीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"हे तुम्ही सगळ्यांना विचारता?"

"सगळ्यांना," डॉक्टर म्हणाले.

"घरी येऊन? दोघं दोघं?"

थोरलीने टेबलाची कड घट्ट धरली होती. तिला कळून चुकलं होतं.

"मला विचार करायला वेळ हवा," धाकटी म्हणाली. आवाज अगदी साधा, बाजारातून काय आणायचं ते उद्या सांगते म्हणावं तसा. "चारला माझा वर्ग आहे. वीस मुलं वाट बघत असतात. उद्या फोन करते." तिने जबाबावर सही केली, उठली आणि दाराजवळची पिशवी खांद्याला लावली.

तिने हो म्हटलं नव्हतं. समितीने काय सांगितलं होतं ते बाईंना शब्दन् शब्द पाठ होतं. इथे आल्यापासून त्यांनी दुसऱ्यांच्या फाइली एवढ्याशा फरकासाठी परत पाठवल्या होत्या. पण डोळ्यांपुढे तरणतलाव आला, त्याची खोल बाजू आली, आणि काठावर उभी राहिलेली वीस मुलं.

"आज पाण्यात उतरू नका," त्या म्हणाल्या.

धाकटी दारात थांबली. पिशवी हळूच खांद्यावरून उतरवून तिने खाली ठेवली आणि तिथेच जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. थोरली जागेवरून उठली, धापा टाकत चार पावलं चालली आणि तिच्या शेजारी बसली. "माझ्यामुळे," असं काहीतरी ती पुटपुटत होती.

"तुझ्यामुळे काय? तू बसली असतीस त्या खुर्चीत तर मला कधी कळलंच नसतं," धाकटी म्हणाली. मग बाईंकडे वर बघून, "पण तुम्ही मला विचारून मग सांगणार होतात ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "चूक झाली माझी."

"चूक झालीच," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "आता सांगा सगळं. अर्धवट नको."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःविरुद्ध दोन परिच्छेदांचा अहवाल लिहिला आणि अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला. "मी असतो तर बोललो असतो की नाही, मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि नियमाप्रमाणे बाईंच्या सेवापुस्तकात ठपका नोंदवला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. बाईंनी त्याबद्दल तक्रार केली नाही. तो ठपका रास्तच होता असं त्या पुढेही म्हणत.

धाकटीच्या हृदयाची तपासणी झाली. स्नायू जाड व्हायला लागला होता, थोरलीइतका नाही, पण ठोक्यांची लय मधूनच घसरत होती. महिन्याभरात तिच्या छातीत, गळ्याच्या हाडाखाली, काड्यापेटीएवढं यंत्र बसवलं. लय बिघडली तर ते झटका देऊन ती ताळ्यावर आणतं. पाण्यात एकटीने उतरायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. आता ती काठावरून शिकवते. पहिले काही दिवस तिने घरात सगळ्यांशी भांडण काढलं, म्हणजे थोरलीशीच, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं. थोरली दिवसातून दहादा माफी मागायची आणि तेच धाकटीला सहन व्हायचं नाही. एकदा तिने सरळ सांगितलं, आणखी एकदा माफी मागितलीस तर मी वेगळं घर बघेन. त्यानंतर थोरलीने तोंडाला कुलूप लावलं आणि दोघींचं पुन्हा नीट चालू झालं.

तीन महिन्यांनी धाकटी स्वतःहून नोंदणी कार्यालयात आली. नळ्या अजून नष्ट केलेल्या नव्हत्या. तिचा निर्णय होईपर्यंत बाईंनी ते काम लांबवलं होतं, तेही लेखी परवानगी घेऊन. संमतीपत्र अकरा पानांचं होतं. बहुतेक लोक शेवटच्या पानावर सही करून मोकळे होतात. ती बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसून पहिल्या पानापासून वाचायला लागली.

"यातून प्राण्यांत घालायच्या पेशी करतील?"

"तुम्ही हो म्हणालात तर."

"परदेशात पाठवतील?"

"तेही."

एका चौकटीत तिने नाही लिहिलं, बाकी सगळीकडे हो. तब्येतीबद्दल पुढे काही कळलं तर सांगावं का, या प्रश्नाशी आल्यावर तिने बाईंकडे पाहिलं आणि हो लिहिलं. सही केली.

"ताईंनी दिलं का रक्त?" बाईंनी विचारलं. एकच दोष, एक बहीण इतकी आजारी आणि दुसरी इतकी कमी, हे का, ते शोधायला डॉक्टरांना आता दोघींच्याही पेशी हव्या होत्या.

"नाही. विचार करते म्हणाली. मी तिला काही म्हणत नाही."

प्रमाणपत्राला आणखी दोन महिने लागले. तिच्या नव्याने घेतलेल्या रक्ताशी ओळखखुणा या वेळी सोळाच्या सोळा जुळल्या. प्रमाणपत्र घ्यायलाही ती स्वतःच आली. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. फक्त क्रमांक, स्त्री, वय, दोषाचं वर्णन. तिने तो कागद खिडकीपाशी नेऊन वाचला आणि परत टेबलाशी आली.

"इथे 'रुग्ण' म्हटलंय."

"रकान्यात दोनच शब्द आहेत. रुग्ण किंवा निरोगी."

"रक्त दिलं त्या दिवशी सकाळी मी दोन तास पोहून आले होते."

बाईंनी कागद हातात घेतला. तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि कुठल्याही संशोधकाच्या दृष्टीनेही ती गोष्ट महत्त्वाची होती. "काय लिहू?"

"खरं असेल ते. त्या पेशी किती दिवस जगतात?"

"नीट गोठवल्या तर पुष्कळ वर्षं. नक्की किती, ते अजून कोणालाच माहीत नाही."

"माझ्यानंतरही?"

"हो."

"मग नीट लिहून ठेवा," ती म्हणाली.

बाईंनी तो कागद रद्द केला आणि नवा भरायला घेतला. रकान्यासमोर त्यांनी लिहिलं: दोष आहे, नमुना घेतला तेव्हा कोणतीही लक्षणं नव्हती. मग तो अध्यक्षांच्या सहीसाठी घेऊन त्या स्वतः शेजारच्या खोलीत गेल्या. धाकटी बाहेर बाकावर बसून वाट बघत राहिली, कारण तो कागद आजच दाखवते, असं ती थोरलीला सांगून आली होती.