धुरकट काच

मावशी सगळ्या पेठेची मावशी होती. निम्म्या पेठेला तिनेच गाडी शिकवली होती. तिच्या धाकट्या दिराचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि त्याने हौसेने नवी गाडी आणली. पुढे टीव्हीएवढा पडदा. पंखा, गाणी, नकाशा, सगळं त्यातच. बटण म्हणून शोधायला गेलं तर एक नाही.

त्या सकाळी स्टिअरिंगवर एक नर्स होती. घरोघरी जाऊन रुग्णांचं बघायची नोकरी तिला मिळणार होती, फक्त गाडी चालवता यायला हवी होती. बाहेर गारठा, आत दोघींचा श्वास. बघता बघता काच धुरकट झाली.

"काच साफ करायचं कुठे असतं?" नर्सने विचारलं.

"आधी नकाशा बाजूला सार. आता खाली पंख्याचं चित्र. ते नाही गं, त्याच्या शेजारचं."

मावशीच्या पायाखाली जास्तीचा ब्रेक होता. पण ती स्वतःच पडद्यावर बोट ठेवून दाखवत होती. रस्त्याकडे दोघींपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं.

सायकलवर एक सुतार होता. तो बॉनेटवर आपटला आणि उजव्या हातावर पडला. मनगटाचा चुरा झाला.

पोलिसांना मावशीने सरळ सांगितलं, "ती शिकाऊ आहे. गाडी माझ्या ताब्यात होती." खटला मावशीवर झाला, दंड झाला. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला अंगावर ओढून घेता?"

"ओढून नाही घेतलं, भाऊजी. माझंच होतं ते."

नर्सने शिकणं सोडून दिलं. फोन उचलेना. शेवटी मावशी तिच्या घरी गेली. नर्स कांदा चिरत होती, ती चिरतच राहिली.

"मी त्यांना भेटून आले," ती म्हणाली. "सुतारांना. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, 'मला वाटलं तू मला बघितलंस. धुरकट काचेतून तुझं तोंड माझ्याकडेच दिसलं, म्हणून तर मी पुढे आलो.'" सुरी थांबली. "मावशी, तोंड खरंच तिकडेच होतं हो."

मावशी पाट ओढून तिच्याशेजारी बसली.

पुढच्या आठवड्यात दिराने विचारलं, "ती गाडी विकू का?"

मावशीने बराच विचार केला होता. "विकून काय होणार? पोरं उद्या अशाच गाड्या घेणार. शिकवायचं तर ह्यातच शिकवायला हवं." तेव्हापासून तिचा पहिला धडा उभ्या गाडीत व्हायला लागला. पंखा, काच, नकाशा, जे काय हवं ते निघायच्या आधी. चालत्या गाडीत पडद्याला हात लावला की धडा तिथेच बंद. काही लागलंच तर कडेला घ्यायचं आणि थांबायचं. पोरं वैतागायची. एकाने तर फी परत मागितली, दिराने कुरकुरत दिली.

नर्स महिनाभराने आपण होऊन आली. पहिले काही दिवस रस्त्यावर सायकल दिसली की ती गाडी कडेला घेऊन थांबायची, आणि सायकल पुढे गेली की मावशी 'चल' म्हणायची. लायसन्स मिळालं, नोकरीही मिळाली. सुताराच्या बोटांचे व्यायाम करून घ्यायचं काम तिने मुद्दाम मागून घेतलं.

तो म्हणाला, "दुसरं कोणी नाही का?"

"आहेत. मी नको असेन तर सांगा, त्यांना पाठवते."

त्याने हात टेबलावर ठेवला. तिने एकेक बोट धरून हळूहळू वाकवायला सुरुवात केली. अंगठा बराच वळला. करंगळी मात्र हलेना. रंधा पुन्हा धरता येईल का, हे त्याने विचारलं नाही, आणि तिनेही खोटा धीर दिला नाही. "उद्या याच वेळेला येते," एवढंच ती म्हणाली.