थोरली, नापास मॅडम आणि माझं फाटक

फाटक माझं होतं, म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्कही माझाच.

आप्पांनी ते दोनदा पाडलं. पहिल्यांदा ट्रॅक्टर घेऊन शेतावर जाताना, आणि दुसऱ्यांदा त्याची माफी मागायला येताना. त्यांचं घर माझ्यापासून ऐंशी पावलांवर आहे, पण माफी मागायलाही ते ट्रॅक्टरवरच आले. आप्पांना कुठे चालत जाताना मी अजून बघितलेलं नाही.

त्या ट्रॅक्टरला सगळे थोरली म्हणतात. आप्पांच्या लग्नाच्या वर्षभर आधी ती घरात आली. काकू नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूने अंगणातच ओळख करून दिली होती, "ही थोरली. हिच्याशी जुळवून घे." तेव्हापासून काकू स्वतःला धाकटी म्हणवतात. "चाळीस वर्षं झाली," त्या सांगतात, "मला ताप आला तर कपाळाला हात लावून बघणार नाहीत. थोरलीचं बॉनेट मात्र दिवसातून दहादा चाचपतात." आणि हे सांगता सांगता थोरलीच्या सीटचं कव्हर शिवत असतात.

दुसऱ्यांदा फाटक पडल्यावर मी आप्पांच्या मुलीला फोन केला. चुकलं, पण केला. ती शहरात लायसन्सच्या ऑफिसात टेस्ट घेते. तिकडे तिला नापास मॅडम म्हणतात. एका माणसाला तिने गाडी सुरू करायच्या आधीच नापास केलं होतं, दार जोरात लावलं म्हणून. आप्पा तिला चिंगी म्हणतात.

रविवारी सकाळी चिंगी आली ती ऑफिसातला फॉर्म घेऊनच. सरकारी कागद घरच्या कामाला वापरणं हा तिच्या नोकरीतला पहिला गुन्हा असावा, कारण तो पर्समधून काढताना तिने आधी चौफेर बघितलं.

"आप्पा, स्पष्ट सांगते. घरापासून कालव्याच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. पास झालात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नापास झालात तर थोरली आजच जाणार. मी माणूस बोलावलाय."

माणूस आलेला होताच. भंगारवाला. हा गडी खिशात लोहचुंबक घेऊन फिरतो. कोणाकडे चहाला गेला तरी आधी ट्रेला चुंबक लावून बघतो. त्याने थोरलीच्या बॉनेटला चुंबक लावलं. टक्क.

"हात काढ," आप्पा म्हणाले.

"हात नाहीये आप्पा, चुंबक आहे."

"मग तेच काढ."

"काढतो की. घाई नाही मला. उताराखाली टेम्पो लावून थांबतो, निकाल लागला की हाक मारा." आणि तो गेला, बारशाला निघाल्यासारखा खुशीत.

बॉनेटवर जिथे चुंबक लागलं होतं तिथे आप्पांनी बाहीने पुसलं. बराच वेळ पुसलं.

मला तक्रारदार म्हणून सोबत घेतलं. थोरलीच्या डाव्या मडगार्डवर चिंगी बसली, उजव्यावर मी. फॉर्मवर 'प्रवासी' या रकान्यात तिने लिहिलं, 'दोन, नाइलाजाने'. डाव्या मडगार्डवर एक लोखंडी कडी जोडलेली आहे. चिंगी सहा वर्षांची असताना आप्पांनी ती खास तिच्यासाठी जोडून घेतली होती. तिने ती धरली नाही. पर्स धरली.

"काकू, तुम्ही येता?" मी विचारलं.

"दोन बायकांच्या मधे मी कशाला," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. पण खिडकीचा पडदा हलत होता.

"मागचा नांगर काढायचा का?" चिंगीने विचारलं.

"असू दे. वजन असलं की ती शांत चालते."

थोरली सुरू झाली की दोन मिनिटं कोणालाच काही ऐकू येत नाही. चिंगी ओरडून प्रश्न विचारत होती आणि आप्पा ओरडून उत्तरं देत होते.

"ब्रेक?"

"आहे. तिसऱ्या दाबाला लागतो."

"पहिल्या दोन दाबांना काय होतं?"

"तिला कळतं की आपल्याला थांबायचंय."

चिंगीने लिहिलं. मी वाकून बघितलं. 'ब्रेक: चर्चेने'.

आता माझं फाटक जवळ येत होतं. फाटकाबद्दल एक गोष्ट आहे जी तेव्हा फक्त मला ठाऊक होती. बायकोला आत फुलझाडं लावायला जागा हवी होती, म्हणून मी खांब रस्त्याकडे सरकवला होता. दीड फूट. रस्ता काय कोणाच्या बापाचा. त्यानंतर आठवड्यातच आप्पांनी फाटक पाडलं. मी पुन्हा त्याच जागी बांधलं. पुन्हा पाडलं. मी पुन्हा तिथेच बांधलं, कारण आता मागे घ्यायचं म्हणजे लोक विचारणार, का घेतलंस.

"फाटक आलं का रे?" आप्पांनी मला सहज विचारलं.

मला वाटलं टोमणा मारतायत. "आलं," मी म्हणालो. त्यांनी लगेच थोरली डावीकडे घेतली. खांब माझ्या गुडघ्यापासून चार बोटांवरून गेला. चिंगीने बरोबरची खूण केली.

पुढे वळणावर माझ्या शेतात बुजगावणं आहे. मीच लावलंय, माझाच जुना शर्ट घालून. आप्पांनी हात वर करून हाक दिली, "काय, आज लवकर आलास शेतावर?"

आणि मग मान वळवून माझ्याशी बोलायला लागले.

शर्ट माझा, म्हणजे त्यांना तो मीच वाटलो होतो. मग बाजूला बसलेला कोण वाटत होता, देव जाणे. मी त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. उजव्या बुबुळावर पांढरं सारवल्यासारखं होतं. डावं त्याच वाटेवर.

थोरली तिसऱ्या गिअरमध्ये होती, आणि समोर उतार सुरू होत होता.

सांगावं? सांगितलं तर आप्पा नापास, थोरली भंगारात. माझं फाटक कायमचं वाचणार होतं, आणि का पडलं होतं हे कोणी विचारणारही नव्हतं. नाही सांगितलं तर आम्ही दोघं एका आंधळ्या माणसामागे उतारावरून चाललो होतो. चिंगी खाली मान घालून 'आरसे' या रकान्यात काहीतरी लांबलचक लिहीत होती. थोरलीला आरसे नाहीतच, पण तिला कारण लिहायची सवय.

आप्पा मात्र निवांत. ओठ हलत होते. मी कान दिला तर ते मोजत होते. "एकोणीस, वीस. आता खड्डा." खड्डा आला. "आता सरळ. आता झाडाचा गारवा." सावली अंगावरून गेली. "आता पूल येईपर्यंत काही नाही."

पण होतं. भंगारवाल्याने टेम्पो उताराखाली बरोबर रस्त्याच्या मधोमध लावला होता, सावली तिथेच होती म्हणून. स्वतः पाठीमागच्या फळीवर पाय हलवत बसला होता. आम्हाला बघून त्याने हात केला. त्याला वाटलं आप्पाही त्याला बघतायत.

पन्नास पावलं. आप्पांनी वेग कमी केला नाही. भंगारवाल्याचे पाय हलायचे थांबले.

"आप्पा," मी ओरडलो. सायलेन्सरने ते गिळलं.

तीस पावलं. चिंगीने मान वर केली. तिच्या नियमाप्रमाणे टेस्ट चालू असताना उमेदवाराशी बोलायचं नसतं, आणि मी शपथेवर सांगतो, एक क्षण ती तो नियम आठवत होती. मग तिने पर्स सोडली, एका हाताने ती जुनी कडी धरली आणि दुसऱ्या हाताने आप्पांच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

ही त्यांची जुनी खूण. लहानपणी इंजिनच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून ठरलेलं. एक थाप म्हणजे हळू. दोन म्हणजे थांबा. तीन म्हणजे मला शू लागली.

आप्पांनी का, कशासाठी, काही विचारलं नाही. तिसऱ्या दाबापर्यंत वेळ नाही हे त्यांना मोजण्यातच कळलं असावं. त्यांनी लिव्हर खाली खेचला आणि नांगर धाडकन रस्त्यावर सोडला.

दोन महिन्यांपूर्वी केलेला डांबरी रस्ता होता तो. जो नांगर माझ्या वाळलेल्या शेतात वीतभर जायला रडतो, तो त्या रस्त्यात लोण्यात सुरी जावी तसा गेला. मागे नांगराचा सरळ तास पडत आला. पेरणीच करायची बाकी होती. थोरलीने नाक वर केलं, कण्हली आणि बंद पडली.

भंगारवाला आणि बॉनेट यांच्यात एक हात अंतर होतं. तो फळीवर तसाच बसला होता, चुंबक छातीशी धरून.

"आप्पा," चिंगीने हळू विचारलं, "समोर काय आहे?"

"मोकळा रस्ता," आप्पा म्हणाले.

भंगारवाल्याने घसा खाकरला. आप्पा दचकले. मग त्यांचा चेहरा असा उतरला की मी दुसरीकडे बघितलं.

"किती दिवस झाले?"

"उजवा दोन वर्षं. डाव्यात अजून उजेड असतो."

"मोतीबिंदू आहे. ऑपरेशन का नाही केलंत?"

"महिनाभर ट्रॅक्टरवर बसायचं नाही म्हणाला डॉक्टर."

"म्हणून दोन वर्षं न बघता चालवलंत?"

"मी कुठे चालवतो. ती चालवते, मी मोजतो." आप्पांनी किल्ली काढली, तळहातावर धरली. "डोळ्यांचं मला ठाऊकच होतं, चिंगे. त्याची भीती नव्हती. चाळीस वर्षं हा रस्ता अंगात आहे. पण ते फाटक. दोन्ही वेळा मी बरोबर मोजलं होतं. तिथे फाटक नव्हतंच. आणि तरी पडलं. म्हणजे आता डोकंही गेलं माझं. डोकं गेलेल्या माणसाने हिला कशाला अडकवून ठेवायचं." त्यांनी किल्ली पुढे केली. "लिही नापास. ने म्हणावं त्याला."

चिंगीने माझ्याकडे बघितलं. मी टेम्पोचा नंबर वाचत होतो. चार आकडे होते, मी ते तीनदा वाचले.

तिने फॉर्मवर लिहिलं. शाई चांगली होती, पण तिने 'नापास' हा शब्द दोनदा गिरवला.

"नांगर काढल्याशिवाय मला नेता यायची नाही," भंगारवाला म्हणाला. त्याला आता कंठ फुटला होता. "घरी चला, तिथून उचलतो."

मग प्रश्न आला की घरी नेणार कोण. आप्पा नापास. भंगारवाल्याला टेम्पो आणायचा. मला सायकलही जेमतेम येते. राहिल्या मॅडम. हजारो लोकांना नापास केलेल्या मॅडमनी आयुष्यात ट्रॅक्टर चालवला नव्हता.

ती सीटवर बसली. आप्पा डाव्या मडगार्डवर, तिच्या जागेवर बसले आणि त्यांनी कडी धरली. थोरली पहिल्याच झटक्यात सुरू झाली, नांगरही निमूट वर आला. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

चिंगीने चालवली बरी. हळू, सरळ, दोन्ही हात चाकावर. आप्पा तिला मोजून देत होते. झाड गेलं. खड्डा गेला. मागे भंगारवाला टेम्पोतून शीळ घालत येत होता. आप्पांचा एक हात कडीवर आणि दुसरा थोरलीच्या पत्र्यावर होता, आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. आणि माझ्या छातीत दीड फूट, दीड फूट असं वाजत होतं.

माझं फाटक दिसायला लागलं. आप्पांनी चिंगीच्या खांद्यावर थापा मारल्या. एक. दोन. तीन.

तीस वर्षं मधे गेली होती, पण तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. एकदाच. आणि ऑफिसच्या नियमाप्रमाणे, गाडी थांबवायची तर रस्त्याच्या कडेला, म्हणून तिने थोरली व्यवस्थित डावीकडे घेतली.

फाटक पडताना होणारा आवाज मला आता तोंडपाठ आहे. आधी खांब, मग कडी, मग बायको.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं. "मला खरंच लागलीय, म्हणून थाप मारली."

चिंगी खाली उतरली. तिला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. तिने पडलेला खांब बघितला, मग रस्त्याची कडा बघितली, मग पुढे माझ्या कुंपणाची जुनी रेघ बघितली. "कडेला घेतली होती मी," ती स्वतःशीच म्हणाली. "कडेला जागा असायला हवी होती." तिने पेन काढलं. "तक्रारदार. तक्रार लिहायची का?"

आप्पा मडगार्डवरून कान देऊन ऐकत होते. तळहात अजून पत्र्यावर.

"नको," मी म्हणालो. "आप्पांचं मोजणं बरोबर होतं. तिथे फाटक नव्हतंच. मी आणलं पुढे. दीड फूट."

आप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "एक फूट आठ इंच असेल. मला तसं वाटलं होतं."

चिंगीने फॉर्मवर दोन ठिकाणी काट मारली. काट मारून सही करणं हा तिचा त्या दिवशीचा दुसरा गुन्हा. "डोळ्यांमुळे नापास," ती म्हणाली. "डोक्यात दोष नाही. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे. महिन्याने पुन्हा टेस्ट. नियमाने तीन संधी असतात. तोपर्यंत किल्ली आईकडे."

"धाकटीकडे?" आप्पा घाबरले. "ती देईल का परत?"

"आणि मी?" टेम्पोतून उतरून भंगारवाला म्हणाला. "मी सकाळपासून हातात काय घेऊन उभा आहे? ठरलं होतं ना?"

आप्पा भिंतीचा आधार घेत आडोशाला गेले होते. चिंगी थोरलीच्या बॉनेटला हात लावून बघत होती, तापलंय का ते. भंगारवाला रस्त्यात पडलेल्या माझ्या लोखंडी फाटकाकडे बघत उभा राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी बाजूला झालो.

तो खाली वाकला आणि त्याने चुंबक लावलं.

टक्क.