जिन्यावरचं अठरावं पाऊल

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला दादाने आणलेला संच विटेएवढा जाड होता. आत तीन डिस्क, एक पुस्तिका, आणि वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, की हा सिनेमा इतका सुंदर आजवर कधीच दिसला नव्हता. दादाला हलकंसलकं काही चालत नाही. दहा परीक्षणं वाचून, सगळ्यांत जास्त तारे कुणाला मिळालेत ते बघून त्याने तो मागवला होता.

सिनेमा कृष्णधवल, साठ वर्षांपूर्वीचा. आमच्या घरात त्याला ‘जिन्याचा सिनेमा’ म्हणतात, कारण नायिका त्यातला जिना उतरते तेव्हा वाजणारी पावलं बाबांची आहेत. पडद्यावरच्या माणसांच्या चालण्याचा आवाज स्टुडिओत वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. विशीतल्या मिशीवाल्या तरुणाने बायकी उंच टाचांचे सँडल घालून लाकडी फळीवर टकटक करायची. नामावलीत त्यांचं नाव नाही. पण आम्हा भावंडांना त्यांचं वाक्य लहानपणापासून पाठ आहे: “पायऱ्या सतरा, पावलं अठरा. अठरावं माझी चूक.”

आम्ही पडदे ओढून बसलो. चित्र खरंच लख्ख होतं. जिना आला तसे बाबा खुर्चीत पुढे सरकले.

“मोजा,” म्हणाले.

सतरा.

दादाने मागे नेऊन पुन्हा लावलं. सतरा. बाबांनी कानातलं यंत्र चाचपलं, आवाज वाढवायला सांगितलं. सतराच.

“असेल,” बाबा म्हणाले. “माझंच चुकत असेल.”

बाबांच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत त्यांच्याकडून गॅस एकदा चालू राहिला होता, एकदा ते बसमधून भलत्याच थांब्यावर उतरले होते. तेव्हापासून दादा त्यांच्या मागे लागला होता, की हे घर बंद करा आणि माझ्याकडे या. बाबांनी नन्नाचा पाढा लावला होता. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आपण होऊन घराची किल्ली दादाच्या हातात ठेवली. “केलेलं कामच धड आठवत नसेल, तर एकटं राहून काय दिवे लावणार?” म्हणाले. रविवारी सामान हलवायचं ठरलं.

“बघ, मी म्हणत नव्हतो?” दादा फोनवर म्हणाला. त्याला काळजी होती, हे मला मान्य आहे. तरी मला त्याचा रागच आला, आणि स्वतःचा जास्त. कारण क्षणभर मलाही वाटून गेलं होतं, की बाबांनी हे सगळं मनानेच रचलं असेल.

मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या चुका काढून पोट भरते. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते. पहिल्या आवृत्तीतली चूक दुसरीत दिसत नाही, म्हणजे ती नव्हतीच असं नाही. मधे माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं. मी संचातली पुस्तिका काढली आणि कुणीच वाचत नाही ते बारीक टायपातलं शेवटचं पान वाचलं. तिथे लिहिलेलं होतं: ‘मूळ ध्वनीतले अनावश्यक आवाज काढून टाकले आहेत.’

अनावश्यक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारी जुन्या डिस्क विकणाऱ्याकडे गेले. त्याचं दुकान म्हणजे एक टेबल, एक टीव्ही आणि छतापर्यंत खोकी.

“ताई, तुमच्याकडचा संच सगळ्यांत भारी आहे,” तो म्हणाला. “आणखी काय पाहिजे?”

“सगळ्यांत वाईट दाखवा.”

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. वेड्या गिऱ्हाइकांची त्याला सवय असावी. आधी त्याने रुंद टीव्हीसाठी काढलेली डिस्क लावली. चित्र रुंद करण्याच्या नादात वरून डोकी आणि खालून पाय छाटले होते, आणि जिन्यावर नवीन संगीत थापलं होतं. नायिका बिनपायांची, लिफ्टने आल्यासारखी खाली आली.

मग त्याने तळातलं खोकं ओढलं. एका डिस्कवर दोन सिनेमे, वेष्टनावर भलत्याच बाईचा फोटो.

“ही नका घेऊ. चित्रात नुसते ओरखडे नाचतात. मला विकायची लाज वाटते.”

“लावा.”

ओरखडे नाचत होते खरे. आवाजाला खरखर होती. मी बोटांवर मोजू लागले. सतराव्या पावलाला नायिका खाली पोचली, कठड्यावर हात ठेवून जागच्या जागी उभी राहिली. आणि मग, ती हललीही नसताना, टक.

“बघा, आवाजही गंडलाय,” दुकानदार म्हणाला.

मी तिथेच रडायला लागले. बिचाऱ्याने घाईघाईने स्टूल पुढे केलं आणि डिस्क वाईट आहे हे आधीच सांगितल्याची आठवण करून दिली.

रविवारी सकाळी बाबांकडे पोचले तेव्हा दादा खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. मी दुकानातून आणलेली डिस्क लावली. अठरावं टक वाजलं आणि दादाचा हात थांबला. त्याने ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा बाबांनीच रिमोट घेतला.

“ती थांबली, मी नाही थांबलो,” बाबा म्हणाले. “सँडल चावत होते. लक्ष सगळं टाचेकडे. नंतर सगळे हसले, पण स्टुडिओची वेळ संपली होती.” ते हसत होते आणि डोळे पुसत होते. किती दिवसांनी त्यांना ताठ बसलेलं पाहिलं!

दादा खाली मान घालून म्हणाला, “बाबा, मला वाटलं...”

“तुला वाटलं ते सगळंच खोटं नाही. गोळ्या विसरतो मी. गॅसचंही खरं आहे. डॉक्टरांकडे ने, मी येतो. पण मी कोण होतो ते माझ्या माघारी ठरवू नका रे. मी अजून आहे.”

दादाने खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. मग एका खोक्याची पट्टी ओढून काढली, आणि आतली पातेली बाहेर काढत विचारलं, “बाबा, ही कुठे असतात?”