पासवर्डाच्या चांदण्या

समता कॉलोनीत सुधाकररावांचं नाव निघालं की लोक हल्ली आधी हसत आणि मग तब्येत विचारत. कारण एकच, लिनक्स. रेल्वेतून रिटायर झाल्यावर माणूस तीर्थाला जातो, नाहीतर शुगर मोजत बसतो. यांनी घरच्या जुन्या कंप्युटरवरून विंडोज पुसलं आणि त्याच्या जागी लिनक्स चढवलं. "फुकट आहे, कोणाच्या बापाचं नाही, अन् माझा बारा वर्षांचा डबडा पुन्हा पळून राहिला," हे ते दूधवाल्यालाही ऐकवत. दूधवाला "हव" म्हणून सायकल काढी.

पहिल्याच दिवशी मात्र फजिती झाली होती. काळ्या पडद्यावर पासवर्ड मागितला, सुधाकररावांनी टाइप केला, आणि काही म्हणजे काहीच उमटेना. ना अक्षर, ना अक्षर झाकणारी चांदणी. कीबोर्ड गेला समजून त्यांनी तो उलटा धरून बडवला, तर त्यातून पोह्यांचा चिवडा पडला. इथे पासवर्ड गुपचूप घेतात, हे अर्ध्या तासाने कळलं. तोवर बायको, मीनाक्षी, दारात पोट धरधरून हसली होती. ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

पुढे त्याच कंप्युटरवर मीनाक्षीनेच ठाण मांडलं. महिला मंडळाच्या कार्यक्रमासाठी ती आयुष्यातलं पहिलं नाटक लिहीत होती. तीन महिने रोज दुपारी नवऱ्याला हाकलून बसायची. विषय विचारला की म्हणायची, "सरप्राइज आहे." आज सहाला तालीम होती आणि बायका प्रती मागत होत्या, म्हणून ती पेनड्राइव्ह घेऊन गोल बाजारात झेरॉक्सवाल्याकडे गेली.

परत आली ती रडवेली होऊन. "अहो, नाटक गेलं माझं!"

दुकानातल्या विकीने पेनड्राइव्ह लावला आणि नाटकाच्या जागी नुसता शॉर्टकट दिसला. दाबला तर उघडेना. "वायरस है आंटी, फॉर्मेट मार दूँ?" असं तो म्हणाल्याबरोबर तिने पेनड्राइव्ह उपटून रिक्षा धरली होती.

"अवं, पण इथं कॉपी असंन ना?"

"नाही ना. कट करून पेस्ट केलं. तुम्ही वाचाल म्हणून."

घ्या! वायरसची नाही, नवऱ्याची धास्ती!

सुधाकररावांच्या अंगात मात्र एकदम दहा हत्तींचं बळ आलं. कॉलोनीने सहा महिने ज्या लिनक्सला हसून घेतलं, त्याची आज पाळी होती. "चहा टाक," ते म्हणाले. विंडोजवर हा वायरस फाइली लपवतो, लिनक्ससमोर त्याची डाळ शिजत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पेनड्राइव्ह लावला. शॉर्टकटच्या शेजारी बिननावाचा एक फोल्डर दिसला आणि त्यात नाटक धडधाकट होतं. खात्री करावी म्हणून त्यांनी ते उघडलं.

'प्रभाकरराव: रिटायर्ड रेल्वेवाले. अंगात चौकडीचा शर्ट, डोक्यात लिनक्स.'

त्यांचा चौकडीचा शर्ट आठ दिवसांपासून सापडत नव्हता. आणि शेजारच्या कांताबाईंनी परवाच विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही चष्मा कपाळावर कसा चढवता हो?" आता उजेड पडला: तो शर्ट घालून प्रभाकरराव होणार होत्या कांताबाई. त्यांनी भराभर वाचलं. दूधवाला होता, 'कोणाच्या बापाचं नाही' होतं, सगळं होतं. कान तापले. माझ्याच घरी, माझ्याच लिनक्सवर, माझीच धिंड! नुसतं "नाही सापडलं" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. बोट डिलीटवर गेलंसुद्धा.

"सापडलं का हो?" स्वयंपाकघरातून आवाज आला. रडून बसलेला होता. एकतीस वर्षांत या बाईने किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, हे त्यांना त्या आवाजाने आठवलं.

"सापडलं!" ते ओरडले.

ती धावत आली. आधी पडदा पाहिला, मग त्यांचं तोंड. "वाचलं?"

"नाही. मले काय करायचं तुझं नाटक?" त्यांनी फाइल कंप्युटरवर ठेवली आणि एक कॉपी तिच्या फोनवर पाठवली. "फोनवरूनच प्रिंट काढ. पेनड्राइव्ह त्या विकीच्या हाती देऊ नको."

ती चपला घालायला लागली. सुधाकररावांनी दम धरला, पण राहवेना.

"ऐक. पान सातवर तो पासवर्ड टाकते तर चांदण्या दिसते, असं लिहिलं तू. नाही दिसत. काहीच नाही दिसत, म्हणून तर तो कीबोर्ड बडवते. चांदण्या दिसल्यावर लोक हसतीन कशाले? अन् तो चिवडा काहून गाळला?"

मीनाक्षी एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली.

"तुम्हाले वाईट वाटंन म्हणून," ती हळूच म्हणाली.

"वाटलंच," सुधाकरराव म्हणाले आणि खुर्ची तिच्यासाठी रिकामी केली. "चिवडा टाक."