केडगावच्या होडीतली उंडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि पुणे रस्त्याला, केडगावात, एका मासळीच्या हॉटेलासमोर उभी असते. वीस वर्षं खाडीत राबले, तेव्हा कुणी माझा फोटो काढला नाही. इथे काहीच करत नाही, तर रोज निघतात.

माझं माहेर कोकणात. तिथलं जंगल डोंगर उतरून येतं आणि थेट खाडीत पाय सोडून बसतं. भरतीला त्याच्या मुळांतून मासे फिरतात, ओहोटीला खेकडे. धनेश उडाला की आधी पंखांचा आवाज येतो, पक्षी मागून. सुरंगी फुलली की मासळीने भरलेल्या होडीलाही सुगंध येतो. याहून मोठी स्तुती मला जमत नाही. त्याच काठावरच्या उंडीच्या लाकडाची मी.

पुढे फायबरच्या होड्या आल्या. मला एका उंडीच्या झाडाखाली ओढून ठेवलं आणि सगळे विसरले. मग हॉटेलमालक कानिफनाथने मोबाईलवर फोटो बघून मला पसंत केलं. टेम्पोने मी घाट चढले. माझ्या बुडातल्या वाळू-पाचोळ्यात उंडीचं एक बी होतं. ते फोटोत दिसत नव्हतं.

बी रुजलं. भांडी घासणारी लंकाबाई तांदूळ धुतलेलं पाणी गुपचूप त्याला घालू लागली. रोप वीतभर झालं, तोच कानिफनाथ टेप घेऊन आला. मला पॉलिश करून, आत बर्फ भरून त्याला मासे मांडायचे होते.

“मावशी, हे उपटा. होडीत झाड शोभतं व्हय?”

“आन् माळावर होडी शोभती?” लंकाबाई म्हणाली. “कानिफा, तू समुद्र पाह्यलाय का?”

“धंद्यातून सवड कुठं हाय.”

“मी बी न्हाई पाह्यला. हितं समुद्र पाह्यलेलं ह्ये एकलंच हाय. त्येलाच काढतोस?”

मला दोघांनीही मोजलं नाही. असू दे.

कानिफनाथने एक पान अंगठ्याने पुसलं. ते आधीच चकाकत होतं. टेप गुंडाळत तो म्हणाला, “पाणी किती लागतं ह्याला?”

मासे प्लास्टिकच्या टबात गेले. आज उंडी माझ्या काठाच्या वर आली आहे. तिची मुळं माती शोधत खाली निघाली आहेत आणि माझ्या दोन फळ्या उकलल्या आहेत. बर्फाची पेटी झाले असते, तर पुष्कळ टिकले असते.

तरीही मित्रांनो, इकडे आलात तर बाटलीत उरलेलं पाणी उंडीला घाला. माझ्या फळ्यांची काळजी करू नका. होडी होण्याआधी मीही झाडच होते.